एका घराला एक मत

अल् घुब्रा, मस्कत
५ नोव्हेंबर १९९९

ती. आत्यास,
गिरिजाचा सप्रेम जयभीम.

पार्सल पोचलं. तिखटाची पुडी वाटेत फुटली होती, त्यामुळे तुझं पत्र शिंकत शिंकत वाचलं. अतुल साइटवर, रचना शाळेच्या अभ्यासात, मी ऑफिसात, बाकी ठीक.

बातमी अशी की आम्ही स्वतंत्र झालो. जुनं मराठी मंडळ लांब पडतं म्हणून घुब्र्यातल्या घरांनी आपलं वेगळं काढलंय. स्वातंत्र्य एका संध्याकाळी मिळालं, पण राज्य कसं चालवायचं यावर महिनाभर चहा चाललाय. शेजारच्या जयप्रकाश सामंतांनी घटना लिहिलीय. तिच्यात एका घराला एक मत, तेही घरातल्या कर्त्या पुरुषाचं. ज्याला मत नाही त्याला पदही नाही.

मला कार्यवाह व्हायचंय, आत्या. गणपतीच्या जेवणापासून मुलांच्या नाटकापर्यंत सगळं मीच बघते. मी हरकत घेतली तर सामंतांनी खलास म्हणून पान उलटलं. अतुल म्हणतो, मतं कितीही असोत, घरात शेवटी तुझंच चालतं. त्याला हा विनोद वाटतो. मला मात्र लागलं.

तू जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलंस. देशानं हे कसं निभावलं ते लिही. लोभाला सुट्टी नको.

तुझी
गिरिजा


नागपूर
२२ नोव्हेंबर १९९९

चि. गिरिजास,
अनेक आशीर्वाद.

यापुढे तिखट डब्यात पाठवीन.

देश कर्त्या पुरुषाच्या वगैरे भानगडीत पडलाच नाही. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, तरी बाई असो की बुवा, प्रत्येक सज्ञान माणसाला एक मत, असं लिहूनच टाकलं. शहाणी माणसं हसली. मग घरोघरी माणसं पाठवून याद्या केल्या. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावलं.

आमच्या घरी यादीवाला आला तेव्हा तुझी आजी दाराआड उभी राहिली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि परक्या पुरुषाला आपलंही सांगायचं नाही, अशी तेव्हाची रीत. तिनं सांगितलं, किसनची आई. किसन म्हणजे तुझे बाबा. अशा कितीतरी बायका निघाल्या, आणि स्वतःचं नाव न सांगणाऱ्यांची नोंद सरकारनं काढून टाकली. लाखोंनी गळल्या.

मतदानाच्या दिवशी आई धुतलेलं लुगडं नेसून, माझा हात धरून रांगेत उभी राहिली. मी दहा वर्षांची. अधिकाऱ्यानं यादी बघून नाही म्हणून मान हलवली. माझे बाबा मत देऊन आले. एरवी ती त्यांच्या मागून चालायची, त्या दिवशी घरापर्यंत पुढे चालली.

तेव्हा सामंतांशी भांडण्याआधी बघ, तुम्ही बायकांनी आपली काय नावं दिलीत. लोभ आहेच, अक्कलही वापरावी.

आत्या


अल् घुब्रा
१२ डिसेंबर १९९९

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

बघितलं, आणि तोंड लपवावंसं वाटलं. दिवाळीच्या जेवणाच्या यादीत नावं आम्हीच दिली होती. मी लिहिलंय सौ. अतुल रामटेके. बाकीच्या कुणाची आई, कुणाची मिसेस. सामंतांच्या बायकोला मी सहा वर्षं सलीलची आई म्हणते. काल पहिल्यांदा नाव विचारलं. वासंती. किती गोड नाव आहे. पण भर सभेत नवऱ्याविरुद्ध कसं बोलायचं, म्हणून त्या मागे सरल्या. त्या आल्या नाहीत तर बाकीच्याही यायच्या नाहीत.

आजीची गोष्ट रचनाला सांगितली. तिनं तिच्या अडखळत्या मराठीत विचारलं, मग त्या आजीचं नेम काय. मी जन्मायच्या आधीच ती गेली, घरात सगळे थोरली आई म्हणत. आत्या, माझ्या आजीचं नाव मला ठाऊक नाही. लगेच कळव. लोभ कर.

गिरिजा


नागपूर
२७ डिसेंबर १९९९

चि. गिरिजास,
अनेक आशीर्वाद.

कळवणार नाही. आधी सभा जिंकून ये, मग नाव. शिक्षिकेकडून बक्षीस फुकट मिळत नसतं.

पुढचं मात्र सांगते. त्यानंतर आई रोज थोडी थोडी रागावली. पुढच्या निवडणुकीआधी यादीवाला आला तेव्हा बाबा जेवत होते. ते उठायच्या आत ती उंबऱ्याबाहेर गेली आणि पूर्ण नाव म्हणाली. स्वतःचंही, त्यांचंही, शेजारच्या घरांना ऐकू जाईल असं. बाबांचा घास हातात राहिला. तिच्या तोंडून आपलं नाव ते पहिल्यांदाच ऐकत होते. मग त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

वासंतीबाईंना हे सांग. लोभ सभेनंतर.

आत्या


अल् घुब्रा
२८ जानेवारी २०००

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

परवा, प्रजासत्ताकाला पन्नास वर्षं झाली त्या संध्याकाळी, गच्चीवर सभा झाली. मी उठून म्हटलं, प्रत्येक सज्ञान माणसाला मत हवं. सामंत म्हणाले, सूचना चांगली आहे, पण ती मांडायला सभासद लागतो. मी खरंच खाली बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

वासंतीताई बटाटेवडे वाढत होत्या. त्यांनी ताट सामंतांच्याच हातात दिलं आणि उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, माझं नाव वासंती जयप्रकाश सामंत, आणि ते लिहून घ्या. मग उत्तरा उठली, किशोरी उठली, एकेक करत सगळ्याच. सामंत वड्यांचं ताट धरून उभे होते, त्यांना पान उलटता येईना. शेवटी मत घ्यावंच लागलं. पहिला हात अतुलनं वर केला. त्याचं बोलणं मी माफ केलंय, पण त्याला अजून सांगितलेलं नाही.

ठराव झाला. मी कार्यवाहही झाले, कारण समोर कुणी उभंच राहिलं नाही. एवढं काम कुणाला हवंय?

आता बक्षीस दे. लोभ व्याजासकट हवा.

गिरिजा रामटेके, कार्यवाह


नागपूर
११ फेब्रुवारी २०००

चि. गिरिजास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणींना वाचून दाखवलं. वासंतीताईंना माझा जयभीम सांग आणि सामंतांना म्हणावं, ताट छान धरता. तिखट डब्यातून पाठवलंय. लोभ पुरून उरेल.

आत्या

ता. क. विसरले नाही. पत्र रचनाच्या हातात दे आणि पुढची ओळ तिला मोठ्यानं वाचायला लाव, शेजारी ऐकू जाईल अशी.

कौतिका गणपत मेश्राम.