हाराखालची जांभळी साडी

रविराज, तुमची कंबर आता कशी आहे? वाल्मिक, बाळा, दाढ काढलीस की अजून लवंगेवरच भागवतोयस? संस्कृती, पुण्याचं पाणी मानवलं का गं? माझं म्हणाल तर पिकलं पान. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी, चांगुणा सहादेव नवले, राहणार बेलापूर, तालुका श्रीरामपूर, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वहस्ते लिहून ठेवते, की माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे करावे.

१. राहते घर मुलगा वाल्मिक यास. दक्षिणेची खिडकी मात्र बुजवू नये. तिच्या काचेवर मी छापलेल्या चित्रांच्या पट्ट्या आहेत.

२. पट्ट्यांचं कारण असं. माझी लेक ज्ञानेश्वरी गेली तेव्हा तिची संस्कृती रांगत होती. लग्नाचा अल्बम वाळवीने खाल्लेला. मी घरच्या प्रिंटरवर संगणकातला लेकीचा फोटो काढला, तो जावई रविराज यांनी दारासमोर टांगला. म्हटलं, "अहो, तिथं ऊन लई येतं." तर म्हणाले, "आई, तिला दार दिसू द्या."
पोर बोलायला लागली त्या साली श्राद्धाला चंदनाचा हार उतरवला. हाराखालची साडी जांभळीगार, तोंड मात्र उन्हाने पांढरंफटक. संस्कृती म्हणाली, "आजी, आईला तोंड न्हाई का?"
रविराज, तो राग मी फार वर्षं धरला. आज सोडते. तुम्ही मायेनेच टांगला होता.

३. त्या हारानेच मला शिकवलं. कुठला रंग टिकतो ते बघायला एकाच झेंडूच्या चित्राच्या पट्ट्या वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या कागदांवर छापायच्या, निम्मी पट्टी काळ्या कागदाने झाकायची आणि उन्हात चिकटवायची. शेजारची छबूबाई म्हणायची, "चांगुणे, पापड वाळत घातले का गं खिडकीला?" बाटलीतली स्वस्त शाई आधी उडाली, केशरी झेंडू हळदीसारखा पिवळा पडला. जाड कागदावरची पिगमेंट शाई, म्हणजे रंगाची पूड घातलेली महागडी, ती टिकली. प्रिंटर, कागद, पट्ट्या संस्कृतीस.

४. पुढे संगणक जळाला, त्यातला फोटोही गेला. त्याआधी टिकाऊ शाईत काढलेली ज्ञानेश्वरीची एकच प्रत लोखंडी पेटीत, काळ्या कागदात आहे. ती संस्कृतीची. तुझी दहावी झाली तेव्हा दाराआड घडीभर दाखवली, परत बांधून ठेवली. रंग राहिला गं, पण लेक मला दिसली नाही. तू तसं करू नकोस. काच लावून, ऊन न येणाऱ्या भिंतीवर टांग. हार घालू नको. रोज बघ. थोडी उडेल, उडू दे.

५. माझा फोटो लावायचाच तर बाटलीतल्या शाईत काढा.

संस्कृती, हे मी गेल्यावर वाचायचं नाही, म्हणून आत्ताच धाडते. भिंत कोणती, ते लवकर लिहून कळव. पेटी तू आलीस की उघडू, तोवर मी थांबते.

सही: चांगुणा सहादेव नवले
साक्षीदार: छबूबाई बनकर, मच्छिंद्र कोळसे
बेलापूर, ४ जानेवारी २०२६