जबरदस्ती कशाला म्हणायचं

प्रिय बाळा,

तू ठेवून गेलेलं स्वातंत्र्याचं पुस्तक वाचून संपलं. माझी शाळा लहानपणीच सुटली तरी तुझ्या बाबांच्या किल्ल्यांच्या दुकानात बसून मी किती वाचलंय, ते तुला ठाऊक आहे. पानांवर पितळेचा कीस सांडलाय, रागावू नकोस. पुस्तक मला पटलं. माणसाच्या जिवावर आणि घरादारावर त्याचाच हक्क. धाक दाखवून कुणाकडून काही करून घेऊ नये, मग करून घेणारं सरकार असो की सख्खा मुलगा. ‘सख्खा मुलगा’ हे माझं, पुस्तकातलं नाही.

तुझे बाबा म्हणाले असते, यात नवीन काय? कुलूप उघडायला कुणी नेलं की ते आधी दार वाजवून आत कुणी आहे का विचारायचे. एकदा एकाने किल्ली हरवली म्हणून नेलं, तर आतून म्हातारा खोकला. त्यानेच कडी लावून घेतली होती. न्यायला आलेला त्याचाच मुलगा, त्याला म्हाताऱ्याला दुसरीकडे हलवायचं होतं. तुझे बाबा हत्यारांची पिशवी उचलून परत आले आणि जेवायला बसले. त्यांची किल्ल्या घासायची कानस अजून मला दुसऱ्या कुणाच्या हातात देववत नाही.

परवा एक गृहस्थ किल्ली करायला आले. किल्ली साधीच, पण नजर सारखी छताकडे. पावलांनी दुकानाची लांबी मोजली आणि जाताना म्हणाले, मागची खिडकी अडकते ना तुमची? ती खिडकी माझ्या झोपायच्या खोलीत आहे, बाळा. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. मग त्यांना सांगितलं कुणी? तेव्हापासून गोड बोलणाऱ्या प्रत्येकाचा मला संशय येतो. सूनबाईने पाठवलेली शालसुद्धा दोनदा उलटीपालटी करून पाहिली.

तू म्हणतोस, दुकान विकून आमच्याकडे ये, पण तुझ्या मर्जीने, सक्ती नाही. आणि रविवारी फोनवर नात म्हणाली, आजी, तू लवकर हो म्हण ना, बाबा म्हणाले मगच सुट्टीत तुझ्याकडे यायचं. हे मला सांगायचं नव्हतं, ते तिला कळलं नसावं.

पुस्तक याला सक्ती म्हणत नाही. पाववाल्याने पाव विकायला नकार दिला तर ती जबरदस्ती नव्हे, असं त्यात लिहिलंय. खरंय. पण मी गिऱ्हाईक नाही आणि पोर म्हणजे पाव नाही.

फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळतोस, म्हणून नाही म्हणायला हे पत्र लिहिलं. दुकान विकणार नाही. हात चालतोय तोवर इथेच राहीन. आता सुट्टीत पोरीला आणायचं की नाही, ते तुझ्या मर्जीने. नाही आणलंस तर भांडायला येणार नाही. फक्त त्याला काय म्हणायचं, ते तुझं तू ठरव. माझ्या तब्येतीचं मुद्दामच काही लिहिलेलं नाही. ती जबरदस्ती मलाही करता येते.

नाही म्हटल्यावरही तुझीच,
आई