तीन खोडं आणि डुकरांची डोणी

मेहुणेबुवा प्रीडिक यांस आदूचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न वाचताच फाडलं नसेल, तर पुढचं वाचावं.

तुमचा गुडघा कसा आहे? टालिन शहरात मुलाच्या घरी चौथ्या मजल्यावर राहता, लिफ्ट बंद पडली की आठ-आठ दिवस खाली उतरत नाही, असं कळलं. वाईट वाटलं. (मनापासून. आपण चार वर्षं बोललो नाही म्हणून काय झालं, गुडघ्याशी माझं भांडण नाही.) तुमची बहीण खुशाल आहे. हल्ली लीना एकतर तोंडातल्या तोंडात पुटपुटते नाहीतर एकदम ओरडते, मधला आवाज तिच्याकडे उरलाच नाही. वय झालं, दुसरं काय. बाकी दलदल होती तिथेच आहे. यंदा सुतारपक्षी मात्र फिरकले नाहीत. लीना म्हणते, सकाळपासून टकटक करून त्यांनी तिचं डोकं उठवलंय. तिला काय, काहीही ऐकू येतं.

आता रडगाणं. तुम्ही केलेली होडी शरदात तळातून उभी चिरली. बावीस वर्षं चालली, तिचा दोष नाही. पण आपल्याकडे वसंतातला पूर आला की दारापासून रस्त्यापर्यंत तीन-तीन आठवडे नुसतं पाणी, हे तुम्हाला मी काय सांगणार. लीनाने मला स्वच्छ बजावलंय, पुराच्या आधी दारात होडी दिसली नाही तर घराला कुलूप आणि आपण दोघं पार्नू शहरात मार्यूच्या फ्लॅटमध्ये. पोरगी आपलीच आहे, जावईही गरीब आहे, पण मेहुणेबुवा, त्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते. मी तिथे सहा महिने टिकणार नाही. आणि इथलं कुलूप एकदा लागलं की परत कोण उघडतंय?

म्हणून कुऱ्हाड उचलली. एकाच खोडातून कोरायच्या होडीला झाड अ‍ॅस्पेनचंच हवं, यात माझं-तुमचं दुमत नाही. पाइन जड पडतं, गाठीगाठीचं असतं, आणि विस्तवावर धरून पसरायला गेलं की तडकतं. अ‍ॅस्पेन हलकं, ओलं असेतो लोण्यासारखं कापलं जातं आणि गरम केलं की गुमान उलगडतं. वाईट खोड एकच, बाहेरून गुळगुळीत आणि आतून कुजकं. (आमच्या खानदानातही अशी दोन-तीन माणसं होऊन गेली.) पहिलं झाड मी ओढ्यापलीकडचं निवडलं. झाड पाडायला उतरता चंद्र पाहिला, सालीवर अळंबी नाही ना ते पाहिलं, तुमच्या पद्धतीप्रमाणे कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकूनही पाहिलं. पाडलं तर आत मुंग्यांचं गाव. चांगलं नांदतं गाव होतं, उगाच उजाड केलं.

दुसरं झाड नोव्हेंबरात पाडलं. तेही ठोकून पाहिलं होतं. तीन आठवडे खोदल्यावर अर्ध्या लांबीवर काळा, भिजल्या पावासारखा गाभा लागला. उरलेल्या अर्ध्याची होडी होण्यासारखी नव्हती, डोणी होण्यासारखी होती. शेजारच्या एल्मारची डुकरं सध्या त्यात जेवतात. एल्मारने स्वतः प्लॅस्टिकची होडी विकत आणलीय, आणि रोज कुंपणापाशी येऊन म्हणतो, "आदू, माझी डुकरं म्हणतायत, इतकी सुबक डोणी सात पिढ्यांत पाहिली नाही. अजून एक करतोस का?" तो पाठ फिरवून जे बोलतो ते मला कळत नाही, पण खांदे हलताना दिसतात.

तिसरं झाड मात्र अस्सल निघालं. नशिबाने, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. जानेवारीत पाडलं, बाहेरून होडीचा आकार दिला, गिरमिटाने भोकं पाडून बोटाच्या रुंदीइतक्याच लांब खुंट्या बाहेरून ठोकल्या, म्हणजे आतून खोदत आलं की खुंटीचं टोक दिसतं आणि हात थांबतो. या खुंट्या काळ्या करून घ्याव्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काळ्या खुंट्या संपल्या होत्या. मी म्हटलं, लाकूड ते लाकूड, आणि त्याच अ‍ॅस्पेनच्या ढलप्यांच्या पांढऱ्या खुंट्या करून मारल्या. पांढऱ्यात पांढरं, काय दिसणार कपाळ. वाकसाने आतून तासत राहिलो. पातळ झालं की लाकडाचा आवाज बदलतो, तेव्हा थांबायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. आवाज काही बदलला नाही. आरपार उजेड आला तेव्हा थांबलो. एल्मार बघायला आला आणि पीठ चाळायला चाळण म्हणून ती होडी मागून गेला.

आज मार्चची चार तारीख. बर्फ अजून आहे, पण खालून ओलं झालंय. महिनाभर हातात आहे आणि झाड हातात नाही. ताकात कालवलेलं कामाचं पीठ समोर ठेवून दिवस मोजत बसतो. लीनाने फळीवरून मोठ्या पेट्या खाली काढल्यात. मेहुणेबुवा, मी हरलो.

आपला,
आदू

ता. क. मंगळवारी आणि शुक्रवारी बस येते. थांब्यावर स्लेज घेऊन येईन, गुडघ्याला त्रास पडणार नाही. लोकरी बूट आणा.

ता. क. दुसरा. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात संत योहानाच्या सणाच्या होळीपाशी मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, की लाकडाला कान लावून बसणं हे म्हाताऱ्यांचं सोंग आहे, डोळे असले की पुरे. ते शब्द मी परत घेतो. मेहुणेबुवा, मला ऐकू येत नाही. दोन हिवाळे झाले. तीनही झाडं मी ठोकली, कान लावला, आणि पोकळ आवाज काही ऐकू आला नाही, म्हणून भरीव असतील असं समजलो. हे कुणाला ठाऊक नाही. लीनाला कळू देऊ नका, ती उद्याच कुलूप लावेल.

ता. क. तिसरा, लीनाच्या हातचा. दादा, पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडे दिलंय. दोन हिवाळे घसा फोडून ओरडतेय, आणि म्हणे मला ठाऊक नाही. पार्नूचं मी नुसतं धमकावायला म्हटलं, मला तरी कुठे जायचंय? सॉनाच्या खोपीमागचं अ‍ॅस्पेन मी स्वतः ठोकून पाहिलंय, आपल्या बाबांनी शिकवलं तसंच, मुळापासून हात पोचेल तिथवर. घंटेसारखं खणखणीत वाजतं, म्हणजे आतून भरीव आहे. पण बायकोने निवडलेल्या झाडाला तो कुऱ्हाड लावायचा नाही. तेव्हा तू ये, सगळं रान लंगडत फिर, दोन-चार झाडांना नावं ठेव आणि शेवटी सॉनामागच्या झाडापाशी थांबून म्हण, हेच. शुक्रवारच्या बसने ये.