सदर मुलाचं येणं

मी, खाली सही करणारा, वय एकवीस, धंदा लिफ्ट दुरुस्ती, शिक्षण अर्ध्यात सोडलेलं, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवत आहे. अक्कलहुशारी या शब्दावर आमचे लिफ्टच्या कामातले उस्ताद हसले. "दोन्ही? एकच लिही, खरं वाटेल." मला आजार नाही, माझ्यावर कुणाचं दडपण नाही. प्रेमात आहे, पण त्याने कायद्याच्या दृष्टीने बुद्धीला बाध येत नाही, असं आमच्या वकीलबाई सांगतात.

लिहिण्याचं कारण. मी चार वर्षांचा असताना तिकडच्या, परदेशातल्या कोर्टाने आईच्या आणि माझ्या पोटगीचा हुकूम वडिलांवर केला. वडील त्याआधीच इकडे परतले होते. आईही मला घेऊन परतली आणि इथल्या कोर्टात तो हुकूम बजावून मागितला. वडिलांनी हरकत घेतली: परक्या कोर्टाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, मला कुणी ऐकून घेतलं नाही, हुकूम मला लागू नाही. ती हरकत अजून चालूच आहे. गेल्या वर्षी आई गेली आणि थकलेलं सगळं येणं माझ्या नावावर आलं.

परवा वकीलबाई म्हणाल्या, "रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोस. काही बरंवाईट झालं तर तुझा वारस कोण, ठाऊक आहे? तुझे वडील. देणारेही तेच, घेणारेही तेच. दावा खल्लास."

माझं डोकं फिरलं. तिथेच त्यांच्याकडून कागद मागून घेतला.

कलम पहिले. माझे पाने, टेस्टर आणि सेफ्टी बेल्ट उस्तादांना. पक्कड मात्र आमच्या दुसऱ्या मेकॅनिकला देऊ नये. परत मागितली की "कुठली पक्कड?" म्हणतो.

कलम दुसरे. खोलीचं डिपॉझिट घरमालकीणबाईंनी ठेवून घ्यावं. आईच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनी भाड्याचा विषय काढला नाही, उलट रात्री आळीपाळीने जागल्या.

कलम तिसरे. माझा इंजिनिअरिंगच्या आकृत्या काढायचा ड्राफ्टर वडिलांच्या वकिलांना द्यावा. मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी निरोप धाडला होता, दावा मागे घ्या, कॉलेजची फी आम्ही भरतो. मी त्याच दुपारी कॉलेज सोडलं. आई म्हणाली, "त्यांना अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापलंस, बाळा." नाक गेलं ते गेलंच. ड्राफ्टर नवाच आहे.

कलम चौथे. आईचा थर्मास वडिलांना द्यावा. याला जरा जास्त लिहावं लागेल.

माझं लहानपण कोर्टाच्या व्हरांड्यात गेलं. खिडकीकडून दुसरं बाक आमचं, समोरचं वडिलांचं. पुकारा होईपर्यंत दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची, आणि ते घड्याळ तर बंद होतं. मी फरशीच्या काळ्या चौकोनांवरून उड्या मारत मधल्या पट्ट्यापर्यंत जाई आणि परत फिरे. एकदा पुकारा फारच लांबला. आईने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि म्हणाली, "जा, देऊन ये. भांडण आत. चहा बाहेर." त्या दिवशी मी पहिल्यांदा पट्टा ओलांडला. वडिलांनी चहा प्यायला, नळावर झाकण धुतलं, रुमालाने पुसून माझ्या हातात दिलं. मला काहीतरी विचारणार होते, तेवढ्यात पुकारा झाला. पुढे दर तारखेला तेच. एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत, पण चहात साखर किती हे दोघांना ठाऊक होतं. तारखेच्या आदल्या रात्री मला झोप येत नसे. इतर मुलांना सहलीच्या आधी येत नाही, तशी.

कलम पाचवे. माझी सायकल आणि माझ्याबद्दलचं शेवटचं मत, कोर्टातल्या दुभाष्यांच्या मुलीला. तिकडच्या हुकमाचा जुना तर्जुमा, म्हणजे मराठी भाषांतर, शिक्क्याअभावी नापास झाला, तेव्हा नवा तिने केला. त्यात जिथे तिथे "सदर मूल". सदर मूल आजारी असते, सदर मूल आईजवळ राहते. मी तावातावाने तिच्या टेबलापाशी गेलो. "मी 'ते' नाही, 'तो' आहे."

तिने मानही वर केली नाही. "मूल नपुंसकलिंगीच असतं. व्याकरणाशी भांडायचं तर वरच्या कोर्टात जा."

तेव्हापासून माझं नाव सदर मूल पडलं आणि तेव्हापासून मी कामातून गेलो. तिला काही मिळणार असल्याने ती या कागदावर साक्षीदार होऊ शकत नाही. म्हणाली, "मला काय मिळणार आहे ते आधी मला तरी कळू दे."

कलम सहावे, म्हणजे मुख्य. माझं वडिलांकडचं येणं.

मागच्या तारखेला वडिलांची उलटतपासणी झाली. वकीलबाईंनी विचारलं, "नोटीस मिळाली असती तर काय केलं असतं?"

वडील म्हणाले, "गेलो असतो. सांगितलं असतं, पैसे कसले मागता, मूल द्या."

मी उठून ओरडलो, "मग आत्ता घ्या की!"

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "कोण आहे हा?"

कोर्टाचे पट्टेवाले काका म्हणाले, "साहेब, सदर मूल."

सगळं कोर्ट हसलं. मला बाहेर काढलं. नंतर वडील व्हरांड्यात आले आणि म्हणाले, "आवाज आईवर गेलाय." असल्या बोलण्यावरची उत्तरं मला नेहमी जिन्यात सुचतात.

तरी लिहितो. हे येणं वडिलांना कायद्याने आपोआप मिळू नये. मी दिलं म्हणून मिळावं. अट एकच. त्यांनी आधी स्वतः कोर्टात उभं राहून हरकत मागे घ्यावी आणि म्हणावं की नोटीस कुठेही गेलेली असो, मूल माझं होतं आणि देणं माझं होतं. ते आईसाठी. मग सगळं माफ. वकील पाठवून चालणार नाही. या येण्यात त्यांचं येणंही धरलेलं आहे. न आल्यास दावा दुभाष्यांच्या मुलीकडे जावा. ती ओरडणार नाही, पण जिंकेल.

दुरुस्ती. वरील मजकूर तिला वाचून दाखवला. म्हणाली, "म्हणजे तुझ्या वडिलांना हे तू मेल्यावर कळणार? नोटीस परत चुकीच्या पत्त्यावर." सबब कलम चौथे रद्द. उद्या तारीख आहे. थर्मास मीच भरून नेणार आहे आणि पट्टा मीच ओलांडणार आहे. बाकी मजकूर कायम.

साक्षीदार: १. वकीलबाई (सही). २. पट्टेवाले काका (सही, आत सही करायला बंदी म्हणून बाहेर येऊन केली).

स्थळ: खिडकीकडून दुसरं बाक.

दिनांक: तारखेचा आदला दिवस.

(सही) सदर मूल, इतकी वर्षं अज्ञान, आता सज्ञान.