आप्पांनी पास केलेला मसाला

रवि., ३ ऑक्टोबर २००४
आप्पांचा तेरावा होऊन गेला, तरी माणसं येतातच. ८३ वर्षं जगलेला सासरा, गोतावळा मोठा. ब्रह्मदेशची लढाई, मग बी.एस्सी., मग पिंपरीला औषधांच्या कंपनीत केमिस्ट. तेच ते ऐकते, चहा करते. दारात चपलांना जागा नाही. दसऱ्याची ऑर्डर तशीच पडून. शनिपाराजवळच्या दुकानदारांचा फोन: "वहिनी, तुमचं दुःख समजतो. पण मसाला कधी?"
पास कोण करणार आता? बारा वर्षं माझा प्रत्येक घाणा आप्पांनीच...

सोम., ४
शेखचाचा आले. वारज्याहून, या वयात, दोन बस बदलून. आप्पांच्या पलटणीतले शेवटचे. मी सांगत होते, "चाचा, माझा गोडा मसाला आप्पांच्या नाकावर चालायचा. ताटली लांब धरून हाताने वारा घ्यायचे, लॅबमधल्यासारखा."
चाचांनी कप खाली ठेवला. "बेटी, त्याला वास कुठे येत होता? लढाईत डोक्याला मार बसला, तेव्हापासून काहीच नाही. ना अत्तर, ना रॉकेल."
मी हसले. ते हसले नाहीत.


मंगळ., ५
सासूबाईंना विचारलं. लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहीत होतं की. वास न येणाऱ्या माणसाने पन्नास वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवली."
"मग मला का नाही सांगितलंत?"
"शपथ घातली होती. कंपनीत कळलं तर नोकरी जाईल म्हणायचे. नोकरी संपली, शपथ राहिली."
यांनाही ठाऊक नव्हतं. पोटचा मुलगा, आणि माहीत नाही.
आप्पा स्वयंपाकघरात डोकावून सारखं विचारायचे, "गॅस बंद आहे ना?" मी वैतागायचे. अरे देवा.

गुरु., ७
राग येतोय. गेलेल्या माणसाचा राग येतो हे कुणाला सांगणार? लेकीला सांगितलं, ती हिंजवडीहून दमून आलेली. "आई, चिल. प्रॉडक्ट तर ओके होतं ना?" कुणाच्या जोरावर ओके? दुकानदार गिऱ्हाइकांना बारा वर्षं सांगतायत, "मिलिटरीतल्या केमिस्टने पास केलेला." मी शेजारी उभी राहून मान डोलावायचे.
मला फसवलं त्यांनी. आणि मी लोकांना.

शनि., ९
धने भाजताना आठवत गेलं. वारा घेऊन झाला की चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. "तुला काय वाटतं?" मी "जमलाय" म्हटलं की पास. "बरा आहे" म्हटलं की "नापास. पुन्हा कर." एकदा खोबरं खवट लागलं होतं. मला कळलेलं, पण एवढं सगळं फेकायचं जिवावर आलं, म्हणून "बरा आहे" म्हणाले. तिथल्या तिथे नापास. काय नाक आहे, असं सगळ्यांना सांगत सुटले होते मी.
नाक माझंच होतं. ते फक्त माझा चेहरा वाचायचे. हे कळून बरं वाटायला हवं, पण नाही वाटत. पोरकं झाल्यासारखं वाटतंय.

मंगळ., १२
घाणा झाला. सासूबाई म्हणाल्या, छान. लेक म्हणाली, मस्त. मला खोबऱ्याची शंका येतेय. खरंच खवट आहे की मनाचे खेळ? परत परत वास घेतला, आता तर काहीच कळेना. समोर विचारणारं कुणी नाही.
दुकानदारांना फोन केला. दसऱ्याचा माल देत नाही, नापास झालाय.
"कुणी केला नापास?"
"मी."
मग, "बघा वहिनी. मला दुसरीकडून घ्यावा लागेल." ठेवला फोन.
पातेलं ओट्यावरच आहे. झाकण घातलंय. फेकायला हात होत नाही.