आधी पेन्सिल, मग शाई

१ मे १९९३. सकाळी.
मीनलचा सातवीचा निकाल. ७४ टक्के. ठीक.
निकालाबरोबर शाळेनं एक कागद दिलाय. ‘विषय-निवड पत्रक, इयत्ता आठवी.’ तीन पर्याय: संपूर्ण संस्कृत, हिंदी-संस्कृत संयुक्त, टेक्निकल. पालकांनी एक लिहायचा, खाली सही करायची, शाळा उघडेल त्या दिवशी द्यायचा. एकदा दिला की दहावीपर्यंत बदल नाही.
दीड महिना हातात आहे. नियोजन करणाऱ्याला पुष्कळ.
आजपासून ही डायरी. कंपनीनं जानेवारीत दिलेली, कोरीच पडली होती. रोज लिहायचं.

१ मे. संध्याकाळी.
मीनलनं विचारलं, बाबा, टेक्निकलला ड्रॉइंग असतं ना? असतं म्हटलं. आणि वर्कशॉप? तेही असतं. मुलींना घेतात? घेतात, पण घरात एक ड्राफ्ट्समन पुरे. मी हसलो. ती हसली नाही. उन्हातून आली होती.

२ मे.
तिला नीट समजावलं. टेक्निकल घेतलं की संस्कृत गेलं. संस्कृत गेलं की टक्के गेले. टक्के गेले की मेडिकल गेलं. मग आयुष्यभर दुसऱ्यानं ठरवलेल्या मशीनचे नटबोल्ट काढत बसायचं. संस्कृत स्कोअरिंग आहे.
कुमुदिनी पोळ्या लाटत होती. म्हणाली, मामंजींनी तुम्हाला टेक्निकलला घातलं तेव्हा तुम्हाला संस्कृत हवं होतं. त्यांनी तुम्हाला विचारलं नाही, तुम्ही हिला तरी विचारा.
म्हटलं, विचारणारच आहे. तिच्या मताला माझ्या प्लॅनमध्ये स्वतंत्र रकाना ठेवलाय.

६ मे.
प्लॅन काढला. मोठं शीट. पाच सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. १९९३ ते २००३. उजव्या टोकाला ‘डॉ. मीनल’. सगळं पेन्सिलीत. आधी पेन्सिल, मग शाई. वीस वर्षांत हा नियम मोडलेला नाही.
खालच्या कोपऱ्यात चौकट. काढले: श्या. तपासले: श्या.
‘विद्यार्थिनीचे मत’ हा रकाना जागेअभावी मागच्या बाजूला घेतला.
ऑफिस: दोन कॉम्प्युटर आले. अजून खोक्यात आहेत.

१९ मे.
प्लॅन, सुधारणा ‘ड’. आठवीत ८५, नववीत ८८, दहावीत ९१. कुमुदिनी म्हणाली, उरलेले नऊ टक्के कुठे ठेवलेत, तेही लिहा. टोमणा होता. लक्ष दिलं नाही.
मीनल सुट्टीभर शेजारी बसून माझं लेटरिंग गिरवते. उभी अक्षरं, सारखी उंची. आता तिची ओळ आणि माझी ओळ शेजारी ठेवली तर कुठली कुणाची ते मलाच कळत नाही. सुट्टीत मुलांना काहीतरी हवंच.

१३ जून.
पत्रक पूर्ण केलं. सही आधी, शाईनं. सही मी नेहमी आधीच करून ठेवतो, मागाहून राहून जाते. वरती पेन्सिलीत ‘संपूर्ण संस्कृत’.
मग मीनलला बोलावलं. म्हटलं, आता हे तू शाईनं गिरव. ऑफिसात पेन्सिलनं काढणारा वेगळा असतो आणि शाई भरणारा वेगळा. जबाबदारी वाटली जाते. तिनं दोनदा विचारलं, मी भरू? नक्की? म्हटलं, नक्की. तुझाच कागद आहे.
बराच वेळ लावला. खोडरबर मागून नेलं. पेन्सिलीच्या खुणा पुसायला. शहाणी मुलगी आहे.
अशा रीतीनं तिचाही सहभाग झाला. प्लॅनच्या मागच्या रकान्यात ‘सहमत’ लिहिलं.

१४ जून.
पत्रक शाळेत दिलं, म्हणाली.  जेवताना दोन वाट्या आमटी जास्त घेतली.

१६ जून.
संकल्प. रोज पहाटे साडेपाचला मी स्वतः मीनलचं संस्कृत घेणार. मला येत नाही, पण आधी आपण एक धडा पुढे राहायचं. पुस्तक आणलं. अकारान्त पुल्लिंगी ‘देव’ शब्द.
कुमुदिनी मीनलकडे बघत होती आणि मीनल ताटाकडे. कुमुदिनी म्हणाली, बोल की. मीनल म्हणाली, साडेपाचला चालेल, बाबा.

१७ जून.
साडेपाच. देवः देवौ देवाः. मी दोनदा अडलो. ती एकदाही नाही.
ऑफिस: कॉम्प्युटर खोक्यातून काढले. त्यांच्यासाठी ए.सी. खोली. आम्ही पंख्याखाली.

३ जुलै. शनिवार.
मीनलला शनिवारी सकाळी जादा तास असतात म्हणे. दुसऱ्या इमारतीत. चांगलं आहे. शाळा संस्कृतावर मेहनत घेते.
कुमुदिनीनं तिला खाकी एप्रन शिवला. हल्ली कार्यानुभवाला लागतो.

२२ जुलै.
मीनलच्या नखांत काळं होतं. लोखंडाच्या किसासारखं. कार्यानुभवात हल्ली काय काय शिकवतात! स्वच्छतेवर पाच मिनिटं बोललो.

९ ऑगस्ट.
देवानाम्. षष्ठी, बहुवचन. हे रूप मला फार आवडलं. बसमध्ये मनात म्हणत गेलो. शिरगावपासून अंबरनाथपर्यंत. विष्णुपंतांनी विचारलं, श्यामकांत, काय पुटपुटताय? म्हटलं, मुलीचा अभ्यास.
विष्णुपंत माझ्या शेजारच्या बोर्डावर. त्यांचा अकरा नंबर, माझा सात. सव्वीस वर्षं झाली त्यांना. म्हणाले, मला परवा साहेबांनी विचारलं, नातवंडं किती म्हणून. यात काळजीचं काय ते मला कळलं नाही.

२१ ऑगस्ट.
वेळ वाया गेला. मीनलनं विचारलं, बाबा, वस्तूचा समोरून दिसणारा आकार आणि वरून दिसणारा आकार एकाच कागदावर कसा काढतात? म्हटलं, हे तुला कशाला? म्हणाली, सहज.
सामान्यज्ञान म्हणून सांगितलं. वृत्तपत्राच्या कडेला काढून दाखवलं. मग छेद म्हणजे काय ते सांगायला साबणाची नवी वडी सुरीनं कापली. एकदा उभी, एकदा तिरपी. मग दुसरी वडी. तास कसा गेला कळलं नाही. कुमुदिनी आंघोळीला निघाली तर मोरीत साबण नाही. म्हणाली, आता छेदानं अंग घासू का?
उद्यापासून फक्त संस्कृत.

२२ ऑगस्ट.
छेद, वीस मिनिटं. फक्त वीस. (चाळीस झाली.)

३० सप्टेंबर.
विष्णुपंतांचा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, घड्याळ. दोन साहेबांची भाषणं झाली, दोघांनीही त्यांना विष्णुबुवा म्हटलं. वडा थंड होता.
अकरा नंबरवर आता कुणी नाही.

१८ ऑक्टोबर.
मीनलनं घरी एक लाकडी सांधा आणला. दोन पट्ट्या एकमेकींत बसवलेल्या. कुणी केला ते विचारायला वेळ नव्हता. गुण्या लावून पाहिला. बरोब्बर नव्वद अंश. उजेड कुठूनही येत नाही.
प्लॅनच्या शीटवर वजन म्हणून ठेवला.

२ डिसेंबर.
सहामाहीचं प्रगतिपुस्तक. कंपनीच्या बसचा हॉर्न वाजत होता, उभ्याउभ्या सही केली. कुमुदिनी म्हणाली, आत बघा तरी. तिला सांगितलं, तपासणारा कोपरा बघतो, आतलं काढणाऱ्यानं बघायचं असतं. कोपऱ्यात ८१ टक्के होते.
८१! संस्कृतनं तारलं. प्लॅन, सुधारणा ‘ह’.
कुमुदिनी दारापर्यंत आली. म्हणाली, तुम्ही असं तपासलेल्या मशिनी चालतात ना हो?

१७ डिसेंबर.
ड्रॉइंग ऑफिस रिकामं केलं. जनू शिपाई आणि तिघांनी बोर्ड बाहेर नेले. सातही नेला. जनू म्हणाला, साहेब, काही राहिलंय का आत? पाहिलं. नव्हतं.
मला तूर्त रेकॉर्ड रूममध्ये बसवलंय. जुनी ड्रॉइंग्ज मोजून त्यांना नंबर द्यायचे. काम महत्त्वाचं आहे. खुर्ची आहे. टेबल येतंय.

५ जानेवारी १९९४.
यंदा डायऱ्या फक्त ए.सी. खोलीत वाटल्या. हरकत नाही. गेल्या वर्षीच्या डायरीत जानेवारी ते एप्रिल कोरंच आहे. वार बदलून घेतो, पेन्सिलनं.
ऑफिस: काही नाही.

१२ जानेवारी.
ऑफिस: काही नाही. टेबल येतंय.
साडेपाचला ‘माला’ शब्द. मी तृतीयेत चुकलो. मीनलनं हळूच सांगितलं. तिच्या डोळ्यांत झोप होती. म्हटलं, कंटाळा आला का? म्हणाली, नाही बाबा, म्हणा पुढे.

२३ जानेवारी.
मीनलला अभ्यासाला टेबल घ्यायला उल्हासनगरला, कॅम्प चारला गेलो. एका शेठकडे कपाटांच्या मागे ड्रॉइंग बोर्ड रचून ठेवले होते. मीनल तिथेच थांबली. शेठ म्हणाला, साई, कंपनी का माल आहे, असं लाकूड आता भेटत नाही, बेबीला पसंत आहे तर सोचता काय?
मी मागची बाजू उलटून पाहिली. सात नव्हता. अकरा होता. डाव्या कडेला विष्णुपंतांच्या ब्लेडच्या बारीक चिरा.
मीनल म्हणाली, हाच घ्या. म्हटलं, टेबल घ्यायला आलोय. म्हणाली, बाबा, हाच.
घेतला. कलता ठेवला की सुभाषितं सुवाच्य लिहिता येतात. मान दुखत नाही.

२४ फेब्रुवारी.
ऑफिस: काही नाही.

१० मार्च.
ऑफिस: काही नाही. आजवर चार हजार दोनशे ड्रॉइंग्जना नंबर दिले. त्यांतली तीनशे दहा माझीच निघाली. ती वेगळी ठेवली नाहीत.

२ एप्रिल.
वार्षिक परीक्षा चालू. मीनल रोज रात्री अकरा नंबरवर कागद लावून बसते. मी त्या खोलीत जात नाही. तिचं लक्ष विचलित होतं.
संस्कृतचा पेपर कधी आहे विचारलं. म्हणाली, झाला. कसा गेला? म्हणाली, बाबा, तुम्ही झोपा.

३० एप्रिल.
निकाल. ८३ टक्के. प्लॅनपेक्षा दोन कमी, पण दिशा तीच. सुट्टी टाकून शाळेत गेलो. संस्कृतच्या बाईंना भेटून नववीचं लक्ष्य ठरवायचं होतं. शीट गुंडाळी करून बरोबर नेलं.
सुहासिनीबाई म्हणाल्या, तुमची मुलगी माझ्या वर्गात नाही.
म्हटलं, मीनल. ‘ब’ तुकडी. म्हणाल्या, माहितेय ना, छान मुलगी आहे. पण ती टेक्निकलला. मी म्हटलं, शक्य नाही, तिला ‘देव’ आणि ‘माला’ दोन्ही पाठ आहेत. बाई म्हणाल्या, असतील हो, पण माझ्याकडे नाही. दहा मिनिटं मी त्यांना त्यांचा वर्ग समजावून सांगितला. शीटही उघडलं. शेवटी त्या कार्यालयातून फाईल घेऊन आल्या.
विषय-निवड पत्रक. खाली माझी सही, शाईत. वरती ‘टेक्निकल’. तेही शाईत. उभी अक्षरं, सारखी उंची. अक्षर माझंच होतं. मी कधी न लिहिलेलं.
बाईंनी विचारलं, हे तुम्हीच लिहिलंय ना? की काही गडबड आहे? तसं असेल तर हेडसरांना सांगावं लागेल. तिला बोलावून विचारू.
कागद उजेडात धरला. खालची पेन्सिल स्वच्छ पुसलेली. कुठेही ओघळ नाही, डाग नाही.
म्हटलं, मीच लिहिलंय. विसरलो होतो.
टेक्निकलमध्ये तिचे मार्क किती ते बाईंनी आपणहून सांगितले. ड्रॉइंगमध्ये केंद्रात पहिली. मुलांसकट.

३० एप्रिल. संध्याकाळी.
घरी आलो. मीनल ओट्याशी उभी होती. कुमुदिनी म्हणाली, कळलं वाटतं.
ओरडायचं ठरवलं होतं. रिक्षात चार वाक्यं तयार केली होती. तोंडातून आलं, देव, षष्ठी बहुवचन?
म्हणाली, देवानाम्.
म्हटलं, विषयच नव्हता तर वर्षभर पहाटे का उठलीस?
ती ओट्यावरचं पाणी पुसत राहिली. म्हणाली, तुम्हाला आवडत होतं, बाबा.
प्लॅनच्या मागच्या रकान्यातलं ‘सहमत’ पाहिलं. ते मी पेन्सिलनंच लिहिलं होतं. पुसायला गेलो, मग तसंच ठेवलं.

१ मे १९९४.
आजचं पान गेल्या वर्षीच भरलंय. मागच्या पुठ्ठ्यावर लिहितोय.
साडेपाचला सवयीनं जाग आली. पुस्तक उघडलं, मिटलं. बाहेर आलो तर मीनल आधीच अकरा नंबरवर वाकलेली. सुट्टी लागल्यावरही. म्हणाली, बाबा, एकदा बघता का?
नळाच्या तोटीचा छेद होता. साबणाच्या वडीसारखाच सरळ कापलेला. पंधरा मिनिटं पाहिलं. रेघांची जाडी पाहिली, मापं जुळवली, बाणांची टोकं पाहिली. एखादी चूक सापडली असती तर बरं झालं असतं. सापडली नाही.
सही करावी म्हणून पेन उघडलं. कोपऱ्यातली चौकट पाहिली. काढले: मीनल. पुढच्या रकान्यात तिनं आधीच लिहून ठेवलं होतं, शाईनं, माझ्या अक्षरात. तपासले: श्या.
पेन बंद केलं. चहा घेतला.