तिसऱ्या ओळीवरची सही

रुबे, १२ जून

प्रिय अल्लाल,

सलाम. तू आणि ओदिल दोघंही बरे असाल. तुझा नांतचा पत्ता यम्माच्या वहीतून घेतला. इकडे यम्मा ठीक आहे म्हणायचं, मीही ठीक. कारखान्यात माझं हे शेवटचं वर्ष.

आपण दोघं त्या मुलांपैकी, ज्यांना कुणी कधी विचारलंच नाही. दर जुलैत गावाकडे दोन हजार किलोमीटर. टपावर गाद्या नि सायकली, पायांशी तेलाचे डबे, मांडीवर कुणाच्या तरी आत्याचा मिक्सर. अल्मेरियाच्या बंदरावर उन्हात नऊ-नऊ तास रांग. या किनाऱ्यावर आपण परके आणि त्या किनाऱ्यावर ‘फ्रान्सवाले’. दोन्हीकडे खिडकीमागचा माणूस बाबांना अरे-तुरे करणार, आणि बाबा हसून कागद पुढे करणार. आपलं बालपण त्या रांगेत उभं राहून संपलं. यावर मी सभांमधून पुष्कळ गरजले आहे. आता सत्तावन्न झाली, आवाज लवकर बसतो. दमले मी, अल्लाल.

आणि तरी पुन्हा तोच प्रवास आखते आहे. ४ जुलैची बोट, अल्मेरियाहून समुद्रापार नादोर. गाडीसकट दोघींची जागा राखून ठेवली आहे. यम्माला न्यायचं आहे, डोंगरावर धाकट्या मावशीकडे. ती परत येणार नाही.

आपल्या आईची फुप्फुसं थकली आहेत. डॉक्टरीणबाईंनी विमानाला साफ नाही म्हटलं. यम्मा त्यांच्या तोंडावर म्हणाली, “विमान मेलेल्यांसाठी असतं, बाई. माझा नवरा पेटीतून गेला तसा. मी अजून जिवंत आहे, मी गाडीतून जाईन, आणि वाटेत बोर्दोला कॉफी पिईन.” बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जायचं तर आत्ता. शरद ऋतूचं बोलू नका.

सामानावरून आमची रोज भांडणं. परवा म्हणाली, “तो मोठा कुकर घे.”

“यम्मा, तिकडे कुकर मिळतात.”

“मिळतात गं. पण पन्नास वर्षं फ्रान्समध्ये काय केलंस असं लोकांनी विचारलं, तर काय दाखवू? तुझी भाषणं?”

कुकर घेतला.

आता कामाचं. माझ्याकडे गाडी नाही, आणि भाड्याची गाडी देणारे ती समुद्रापार नेऊ देत नाहीत. बाबांची पांढरी व्हॅन आहे. मागची सीट काढून त्यांनी यम्माला आडवं होता यावं म्हणून फळी बसवली होती, ती अजून मजबूत आहे. पण व्हॅन बाबांच्या नावावर आहे आणि बाबा फेब्रुवारीत गेले. तुला निरोप पाठवला होता, तू आला नाहीस, त्यावर मी काही म्हणणार नाही. गाडी माझ्या नावावर करायला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. पहिल्या ओळीवर यम्माचा अंगठा, दुसऱ्या ओळीवर मी. तिसरी ओळ रिकामी आहे.

इतकंच लिहून पाकीट बंद करणार होते. काल दुपारी यम्माला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “आणि ते?”

“कोणतं ते?”

“खिडकीवरचं. तुझा बाप आणि मी एका उशीवर झोपायचो. मला माहीत नसेल?”

बत्तीस वर्षं मी मालकांपुढे गप्प बसले नाही, पण मटाराच्या ताटापुढे बसले.

“ते लिहिल्याशिवाय मी त्या गाडीत बसणार नाही,” ती म्हणाली, “मग तू मला इथंच पुर.”

म्हणून लिहिते.

अकरा वर्षांपूर्वीचा जुलै. ओदिलला सातवा महिना होता, तरी तू बाबांसाठी चाक हातात घेतलंस, कारण त्यांना एकट्याला एवढं झेपत नव्हतं. ऑगस्टअखेर दोघं मिळून परत येणार, मग सप्टेंबरात बाळ, असा सगळा हिशोब होता. नादोरला उतरलो तेव्हा तू सीटवर मान टाकून झोपला होतास, आणि बाबा हातपाय धुवून नमाजाला गेले होते. आपल्या सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन मी एकटी कस्टमच्या खिडकीवर होते.

कारकून म्हणाला, “या म्हाताऱ्याच्या नावावर आधीच एक गाडी आहे. आत आली, बाहेर गेलेली नाही.”

ती बाबांची जुनी व्हॅन. आदल्या वर्षी इंजिन गेलं म्हणून हमीपत्र लिहून गावात सोडलेली.

“मग ही कुणाच्या नावावर घालू? लवकर सांगा ताई, मागे रांग आहे.”

नियम आपल्या लोकांना तोंडपाठ असतो. गाडी ज्याच्या नावावर देशात शिरते, त्यानं ती बाहेर नेली पाहिजे. तोवर त्याला गाडीशिवाय जाऊ देत नाहीत. माझं नाव देता आलं असतं. पण मला आठ दिवसांत विमानानं परतायचं होतं. संपाची सभा होती, आणि मुख्य भाषण माझं होतं. मी तुझा पासपोर्ट वर ठेवला, आणि त्यावर गाडीचा शिक्का पडला. तुला उठवलंही नाही. तू गाडीनंच परतणार होतास, मग बिघडतं काय, असं मनाशी म्हटलं. नंतर सांगेन म्हटलं, आणि सांगितलं नाही.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इकडे फ्रान्समध्ये ओदिलला वेळेआधी कळा सुरू झाल्या, तू विमानतळावर धावलास, आणि त्यांनी तुला थांबवलं: तुमच्या नावावर गाडी आहे, आधी गाडी आणा. गाडी बाबांकडे, बाबा डोंगरावरच्या लग्नात, तिथे फोन लागत नव्हता. ते गाडी घेऊन पोचले तिसऱ्या दिवशी. तोवर तुझी मुलगी जन्मली होती आणि गेलीही होती. ओदिलनं सगळे कागद एकटीनं भरले. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तो हक्क माझा नाही.

तू लोकांसमोर बाबांना म्हणालास, “खुंट्याला बांधलंत मला, ओदिलकडे पळू नये म्हणून.” बाबांना तोवर त्या शिक्क्याचं काही ठाऊकच नव्हतं. तुझ्या हातातला पासपोर्ट पाहून त्यांना समजलं, आणि ते काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला.

“नाव तूच दिलंस ना?”

“हो, बाबा.”

मग म्हणाले, “बोलू नकोस कुणाला. रागवायला त्याला मी एकटा पुरे आहे. पुढे बहीण लागेल त्याला.”

मी ते मानलं. मानायला फार सोपं होतं. तू विमानतळाच्या फरशीवर बसला होतास, त्याच दिवशी माझ्या भाषणाला दोन हजार लोक उभे राहिले होते. तेव्हापासून अकरा वर्षं तू माझ्याशीही बोलला नाहीस. म्हणजे बाबांनी जे वाचवायला स्वतःवर घेतलं, तेही वाचलं नाही.

माफी मागत नाही. मालकांनी ती मागावी असं माईकवरून ओरडून ओरडून तो शब्द माझ्या तोंडी स्वस्त झाला आहे. तुझा राग चुकीच्या दारावर अकरा वर्षं उभा होता. त्याला खरं दार दाखवते, एवढंच. बाबांच्या नावानं मनात काही धरलं असशील तर ते सोडून दे. आणि माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाहीस तरी ते न्यायाचंच होईल.

पण यम्माचा यात दोष नाही. रोज सकाळी ती विचारते, “अल्लालची सही आली का?” परवापर्यंत मी टपाल उशिरा येतं असं सांगत होते. पत्रच गेलं नव्हतं. ती आता पायऱ्या चढताना दोनदा बसते.

सोबत कागद आहे. तिसऱ्या ओळीवर सही कर, तुझ्या नगरपालिकेत शिक्का मारून घे, आणि पंचवीस जूनच्या आत रुबेला पाठव.

गाडी तुझ्या नावावर घालणारी,
याम्ना